बेबीताईंच्या दहा सह्या

बेबीताई तायडे आमच्या गल्लीत बावीस वर्षं कचरा वेचत होत्या आणि गल्लीत त्यांचं नाव कोणालाही ठाऊक नव्हतं. मलाही नव्हतं. मी त्यांना 'बाई' म्हणायचो, माझी पत्नी गोदाबाई 'ए मावशी' अशी हाक मारायची, आणि समोरचे खुशालराव टाळी वाजवायचे. टाळीलाही त्या थांबत.

आमची गल्ली अकोल्याच्या जुन्या शहरात, मोर्णा नदीच्या पलीकडे. घरं सत्तावीस. सकाळी सहाला बेबीताई येत. पाठीवर त्यांच्याएवढंच पोतं आणि हातात लोखंडी आकडी. दारातला डबा उपडा करायचा, पुठ्ठा, बाटल्या, पन्नी, पत्रा वेगळा काढायचा, उरलेलं परत डब्यात भरायचं आणि वरून झाकण लावायचं. झाकण लावणारी दुसरी कोणी मी पाहिली नाही.

माझी चाळीस वर्षं नाटकमंडळीत गेली. दर्यापूर, अंजनगाव, मुर्तिजापूर, अमरावती. जिथे तंबू तिथे घर. खेळ संपला की राजे आणि सेनापती जेवायला बसत, आणि एक माणूस मागे राहून सामान आवरत असे. चांगला माणूस राजाचा मुकुट आणि भालदाराची काठी सारख्याच काळजीने पेटीत ठेवायचा. असे मला सगळ्या आयुष्यात तीन भेटले. बेबीताई चौथ्या.

गल्ली त्यांना सासूकडून मिळाली. नवरा शालिकराम जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी उचलायचा. त्याची पाठ गेली आणि तो घरी बसला. मग सासू पार्बताबाई सुनेला हाताला धरून इथे घेऊन आली आणि भावकीतली घरं दाखवावीत तसं एकेक दार दाखवत गेली. "हे आपलं. हेबी आपलं. ते कोपऱ्यावरचं नाई, ते आशाबाईचं." वेचणाऱ्या बायकांत गल्ल्या अशा वाटलेल्या असतात. कागद कुठेच नाही, पण एकीच्या गल्लीत दुसरी आकडी घालत नाही.

सासूने एक अट घातली होती. कोणाच्या डब्यातून काय निघालं ते कोणापाशी बोलायचं नाही. लोक आपल्यापुढे डबा उघडा टाकतात, कारण त्यांना वाटतं ही काही बोलायची नाही. बेबीताई बावीस वर्षं बोलल्या नाहीत.

दोन वर्षांपूर्वी नवी योजना आली. वेचणाऱ्या बायकांना ओळखपत्र, हातमोजे, ढकलगाडी, आणि निवडलेला माल ठेवायला शहराबाहेर मोठी शेड. काम एका संस्थेने घेतलं होतं. योजना चांगली होती, हे मी आजही म्हणतो. फक्त ज्या बाईकडे ओळखपत्र, तिनेच दारोदार कचरा घ्यायचा होता. जिच्याकडे नाही तिची गल्ली दुसरीला जाणार होती. आणि ओळखपत्रासाठी, पाच वर्षं त्याच वस्तीत काम केल्याचा पुरावा म्हणून, दहा घरांच्या सह्या हव्या होत्या.

एका सकाळी बेबीताईंनी आमची कडी वाजवली. बावीस वर्षांत पहिल्यांदा.

"काकाजी, सही पायजे."

मी फॉर्म घेतला. वरचं नाव वाचलं. बेबी शालिकराम तायडे.

"हे तुमचं नाव?"

"मंग कोनाचं असन?"

मी सही केली. ती पहिली होती. त्याआधी त्या आठ घरं फिरून आल्या होत्या. खुशालराव तहसील कचेरीतून निवृत्त झालेले. छत्तीस वर्षांत चौकशी केल्याशिवाय त्यांनी कशावर सही केली नाही आणि चौकशी केल्यावर बहुधा केली नाही. ते म्हणाले, "बाई, मी तुम्हाला रोज पाहतो, हे खरं. पण इथे 'ओळखतो' असं छापलंय. पाहणं वेगळं, ओळखणं वेगळं." पुढच्या सात घरांनी फॉर्म पाहिला, खुशालरावांची सही नाही हे पाहिलं, आणि विचार करून सांगतो म्हणाले.

फॉर्म देण्याच्या शेवटच्या दिवशी, गुरुवारी, संस्थेचा मनोज नावाचा पोरगेला पर्यवेक्षक तपासणीला आला. आमच्या ओट्यावर बसला. बेबीताई खाली पायरीपाशी उभ्या. लोक आपापल्या दारांत आले. स्वतःची चूक निघणार नसली की आमची गल्ली आवर्जून हजर असते.

"ताई, सही एकच आहे," मनोज म्हणाला.

"हो."

"दहा लागतात."

"हो."

त्याने फॉर्म उलटा केला. मुलगा मनाने चांगला होता. मागे एक रकाना सापडला. "असं करू. तुम्ही रोज येता म्हणजे कोणत्या घरातून काय निघतं ते तुम्हाला माहीत असणार. तुम्ही सांगा, मी डबा उघडून पाहतो. जुळलं की त्या घरासमोर मी टिक करतो. सही नसली तरी चालते." आणि त्याने बोट केलं ते खुशालरावांच्या घराकडे. "या घरातून काय निघतं?"

खुशालराव दारातच होते. त्यांनी सहज हात ठेवावा तसा हात डब्याच्या झाकणावर ठेवला.

"सुका कचरा," बेबीताई म्हणाल्या.

"सुक्यात काय?"

"सुकाच."

"अहो ताई, कागद, प्लास्टिक, बाटल्या, काहीतरी सांगाल की नाही?"

"नाई सांगत."

"काहून?"

"आमच्यात सांगत नाई."

मनोजने पेन टोपणातून काढलं. "मग मला 'माहिती नाही' असं लिहावं लागेल. गल्ली जाईल तुमची."

"माईत हाय. लिवा."

आता रंगभूमीवर चाळीस वर्षं काढलेल्या माणसाला अशा वेळी गप्प बसता येत नाही. "माझा डबा सांगा," मी म्हणालो. "माझी परवानगी आहे."

"नको, काकाजी."

"सांगा."

"काकूपुढं नको."

गोदाबाई आत कोथिंबीर निवडत होती. तिने ती परातीत ठेवली आणि दारात आली. "काहून? माझ्यापुढं काहून नको?"

मला वाटलं होतं, फार तर केसांच्या कलपाची गोष्ट निघेल. सत्त्याहत्तराव्या वर्षीही माझे केस काळे कसे, हे गुपित आहे असा माझा समज होता. मी होकारार्थी मान हलवली. बेबीताईंनी जमिनीकडे पाहत सांगितलं.

"काळ्या कलपाची दोन पाकिटं, महिन्याले. शुगरच्या गोळ्यायचे पत्ते, अर्ध्या गोळ्या तशाच. अन् पेढ्याचं खोकं, पाव किलोचं, हप्त्याले एक. दुधाच्या पिशवीत गुंडाळून."

मनोजने आमचा डबा उघडला. दुधाची पिशवी निघाली. पिशवीत खोकं निघालं. खोक्याच्या कोपऱ्यात थोडा चुरा होता, तो त्याने सगळ्यांना दिसेल असा धरला. मग फॉर्मवर टिक केली आणि मोकळ्या मनाने म्हणाला, "एकदम बरोबर! चला, आता पुढचं घर." आणि तो गल्ली ओलांडून खुशालरावांकडे निघाला.

"थांबा," खुशालराव म्हणाले. त्यांचा हात अजून झाकणावर होता. "फॉर्म इकडे आणा."

"चौकशी?" मी विचारलं.

"झाली."

त्यांनी उभ्याने सही केली. मग त्यांच्या शेजारचे भगवंतराव स्वतःचं पेन घेऊन आले. त्यांच्यामागे रांग लागली. माझ्या डब्यानंतर बेबीताईंनी कोणाकडेही पाहिलं नव्हतं आणि तोंडही उघडलं नव्हतं. दहा मिनिटांत चौदा सह्या झाल्या. दहा पुरेत, असं मनोज सांगत राहिला, पण उरलेल्यांना आपली सही राहून गेलेली नको होती. शेजारच्या गल्लीतले एक गृहस्थ बातमी ऐकून आले. त्यांना परत पाठवावं लागलं.

मनोजने फॉर्म बेबीताईंपुढे धरला. "ताई, इथे अंगठा नाहीतर सही."

त्या पायरीवर बसल्या आणि फॉर्म घेईनात.

"मी कोनाचंच सांगतलं नसतं, काकाजी. जीव गेला तरी."

"मला माहीत आहे."

"अन् तुमचं सांगतलं. बावीस साल काई नाई बोलली, अन् आज बोलली. सासू असती तर तिनं मले गल्लीतून हाकललं असतं."

"मी परवानगी दिली होती."

"तुमी देल्ली. काकूनं कुठं देल्ली?"

गोदाबाई आत गेली होती. स्वयंपाकघरात डबे सरकवल्याचे आवाज येत होते. मी मोजत होतो: गव्हाचा, ज्वारीचा, तांदळाचा. तांदळाच्या डब्यामागे आवाज थांबला. ती नवं, न उघडलेलं खोकं घेऊन बाहेर आली आणि तिने ते बेबीताईंच्या मांडीवर ठेवलं.

"किती दिवसांपासून माहीत होतं तुला?"

"काय काकू?"

"हे पेढे."

"नऊ साल झाले असन."

"नऊ वर्षं! अन् मला एका शब्दानं सांगितलं नाहीस?"

"नाई."

गोदाबाई तिच्याकडेच पाहत होती. मी त्या वेळी कोणाच्याच नजरेत नव्हतो आणि तसंच राहण्याचा माझा प्रयत्न होता. "मग तुझ्या सासूला काही बोलायला जागा नाही," ती म्हणाली. "आज सांगितलंस ते मी विचारलं म्हणून. जबाबदारी माझी. सही कर, बेबीताई."

नावाने हाक मारलेली मी गल्लीत पहिल्यांदा ऐकली. बेबीताईंनी खोकं बाजूला ठेवलं, लुगड्याला हात पुसले आणि सही केली. चौथीपर्यंत शिकल्या होत्या. अक्षर मोठं आणि सरळ होतं, रकान्याबाहेर गेलं.

ओळखपत्र महिन्याभरात आलं. गल्ली त्यांचीच राहिली. पाठीवरचं पोतं जाऊन हिरवी ढकलगाडी आली, आणि संस्थेने एक वही दिली. ओला आणि सुका कचरा जो वेगळा देणार नाही त्याचं नाव त्या वहीत लिहायचं, असा नियम.

पहिल्या सकाळी सहाला मी डबा घेऊन दारात गेलो. म्हटलं, या बाईसाठी आपण नऊ वर्षांच्या पेढ्यांवर पाणी सोडलं. निदान हसून बोलेल. बेबीताईंनी डब्यात आकडी फिरवली. वांग्याची देठं आणि वर्तमानपत्र एकत्र होतं.

"काकाजी, हे चालत नाई आता."

"आजचा दिवस सोडा."

"खुशालराव पहाटेपासून दोन डबे घेऊन बसले हायेत," त्या म्हणाल्या, आणि वही उघडून पहिल्या पानावर पहिल्या ओळीत माझं नाव लिहिलं. पूर्ण, वडिलांच्या नावासकट, एक चूक नाही. मग वही माझ्यापुढे केली.

"इथं सही करा."