बोगस गिऱ्हाईक

घोडपदेवच्या आमच्या चाळीत एका मजल्यावर जितकी माणसं राहतात, त्याहून जास्त माणसं माझ्या धाकट्या मामाच्या खोलीत राहत होती, आणि ती सगळी तो एकटाच होता. गिरगावात एका ड्रेसवाल्याकडे तो कामाला. शाळांच्या गॅदरिंगला लागणारे मावळे, पऱ्या, संत आणि झाडं भाड्याने देणं, परत आल्यावर धुऊन, टाके घालून, इस्त्री करून पुन्हा टांगणं, हे त्याचं काम. दिवसभर दुसऱ्यांचे कपडे हाताळून की काय कोण जाणे, पण साधं कोथिंबीर आणायला निघाला तरी आज कोण जाणार हे तो आधी ठरवायचा. मासळीबाजारात कधी बोटीवरचा निवृत्त कप्तान म्हणून जायचा, कधी गणिताचा मास्तर म्हणून. आमची नेहमीची कोळीण त्याला पुरती ओळखून होती. तो समोर उभा राहिला की ती टोपलीवरचं फडकं न काढताच विचारायची, "आज कोण आलाय? कप्तान असशील तर पापलेट दाखवते, मास्तर असशील तर बांगडाच घे बाबा." मामा क्षणभर विचार करून मास्तर व्हायचा, कारण पगार मास्तराचाच होता.

नाटकाचं वेड आजोबांकडून आलेलं. आजोबा गिरणीत होते आणि कामगारांच्या नाटकांत हातभर मिशा लावून उभे राहायचे. मामाला मात्र सगळ्या हौशी मंडळांनी मिळून आयुष्यभर नोकर, शिपाई आणि पडद्यामागचा आवाज एवढंच दिलं. त्याला कारण होतं. एका नाटकात नोकराच्या तोंडी फक्त "चहा आणलाय" एवढं वाक्य होतं. पण मामा ट्रे घेऊन दारात आला, की या नोकराची आई गावाला आजारी आहे आणि मालक रजा देत नाही, हे सगळं त्याच्या चेहऱ्यावर दिसायला लागायचं. प्रेक्षक त्याच्याकडेच बघत राहायचे आणि नायकाला स्वतःचं वाक्य आठवायचं नाही. लग्नाचंही असंच झालं. पहिल्या भेटीत मुलीच्या वडिलांना तो फार आवडला, कारण त्या दिवशी तो मितभाषी आणि करारी होता. दुसऱ्या भेटीला तो खेळकर होऊन गेला. वडिलांनी पसंत केलेला माणूस पुन्हा आलाच नाही, आणि नंतर मामाने तो नाद सोडून दिला. आई, म्हणजे त्याची थोरली बहीण, दोन खोल्या सोडून राहायची. ती त्याला ताटं पोचवायची आणि बोलणीही.

अशा माणसाला आमच्याच चाळीतल्या एका हवालदाराने गाठलं. दादरच्या एका इमारतीत मसाज पार्लरच्या नावाखाली धंदा चालतो, तिथे धाड घालायची होती. या कायद्याचं नाव लांबलचक आहे, पोलीस त्याला नुसतं 'पिटा' म्हणतात. या कायद्यात पकडायचं असतं ते धंदा चालवणाऱ्याला, आणि त्यासाठी आधी एक बोगस गिऱ्हाईक आत पाठवावं लागतं. खुणेच्या नोटा द्यायच्या, खोलीत जायचं, खाली थांबलेल्या साहेबांना मिस्ड कॉल द्यायचा, की पंचांना घेऊन पोलीस वर येतात. हवालदाराचं म्हणणं, पोलिसातला माणूस चेहऱ्यावरून ओळखू येतो. आईला तो म्हणाला, तुझ्या भावाला सोंग चांगलं वठवता येतं. आई भडकली. मामाला मात्र उभ्या आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी मुख्य भूमिका देत होतं. तो इन्स्पेक्टरसाहेबांपुढे जाऊन बसला आणि त्याने विचारलं, "हा माणूस तिथे का जातो?"

साहेबांना प्रश्न कळला नाही. मामाने समजावलं, की त्याची पार्श्वभूमी काय, त्याला कशाची उणीव आहे. साहेब म्हणाले, "नोटा द्या. मिस्ड कॉल द्या. उणिवेचं आम्ही बघतो."

तरीही मामाने आठवडाभर खपून माणूस उभा केला. विधुर. बायकोला जाऊन तीनेक वर्षं झालेली, मूलबाळ नाही, रत्नागिरीकडचा. शर्ट निवडला मोतिया रंगाचा, आणि त्याचं एक बटण काढून काळ्या दोऱ्याने पुन्हा लावलं. बायको नसलेला माणूस स्वतः लावील तसं, थोडं वाकडं. पुढचं सगळं त्या बटणाने घडवलं. कारण दुपारी तो त्या पार्लरमधल्या लाकडी फळ्यांच्या खोलीत गेला, तेव्हा आतली बाई त्याच्याकडे न बघता आधी त्या बटणाकडे बघत राहिली आणि म्हणाली, "हे तुम्हीच लावलंय ना?"

मामाने नंतर आईला सांगितलं, की आजवर त्याच्या इतक्या बारकाव्याची कुणी दखल घेतली नव्हती. तो स्टुलावर बसला आणि बोलत सुटला. नसलेल्या बायकोबद्दल त्याने तिला सगळं सांगितलं. ती भात जरा कच्चाच कसा उतरवायची, दुपारी रेडिओ लावून झोपायची आणि बंद केला की जागी व्हायची, शेवटच्या दिवसांत तिला कैरी खावीशी वाटायची. ती बाई पस्तिशीची असेल, घाटावरची. ऐकता ऐकता तिने पदर डोळ्याला लावला. मग ती तिचं सांगायला लागली. तिच्या आईला वाटत होतं, की लेक मुंबईत हॉस्पिटलात आयाचं काम करते. फोनवर आई रोज पेशंटची चौकशी करायची आणि हिला रोज नवा पेशंट बनवून सांगावा लागायचा. मामा भारावून ऐकत बसला. मिस्ड कॉल राहून गेला. खाली जीपमध्ये साहेबांचा धीर सुटला आणि त्यांनीच फोन लावला. मामाने तो उचलला आणि हलक्या आवाजात म्हणाला, "नंतर करा, जरा घरचं बोलणं चाललंय."

मग दार फुटल्यासारखे सगळे आत आले. पंच, दोन महिला पोलीस, कुठल्याशा संस्थेच्या मॅडम. मॅनेजरच्या गल्ल्यातून नोटा निघाल्या, पंचनामा सुरू झाला. साहेबांनी मामाच्या पाठीवर थाप मारली, तेव्हा त्या बाईला उलगडा झाला. ती चिडली नाही. तिने एवढंच विचारलं, "मग तुमची बायको?"

वाक्य विसरण्याची त्याची ती पहिलीच वेळ.

त्या दिवशी तो जेवला नाही, पण मनात कुठेतरी समाधान होतं की बाई सुटली. ते समाधान आठवडाभरच टिकलं. हवालदार नळावर भेटला तेव्हा कळलं, की पार्लरचा मालक जामिनावर बाहेर आला आणि कोर्टाने बाईला वर्षभरासाठी सुधारगृहात पाठवलं. मी सज्ञान आहे, मला आईकडे जाऊ द्या, असं ती सांगत होती म्हणे.

"तिने गुन्हा काय केला?" मामाने विचारलं.

"काहीच नाही. ती पीडित आहे."

"मग आत का?"

"पीडित आहे म्हणूनच ना," हवालदार म्हणाला, आणि बोलून झाल्यावर तोही जरा विचारात पडला.

त्यानंतर मामाच्या खोलीतली माणसं एकेक करून निघून गेली. फोर्टच्या फुटपाथवरून त्याने त्या कायद्याचं मराठी पुस्तक आणलं आणि दिसेल त्याला कलमं ऐकवू लागला. गणेश मंडळाच्या मीटिंगमध्ये मूर्तीच्या उंचीचा विषय चालू असताना तो उभा राहिला आणि म्हणाला, की बाईने आपल्या मर्जीने हे करणं हा या कायद्यात गुन्हा नाही, तिच्यावर जगणं हा गुन्हा आहे, हे आपण नीट लक्षात ठेवलं पाहिजे. अध्यक्षांनी ते लक्षात ठेवू असं सांगून त्याला बसवलं. नळावरच्या बायका मात्र मन लावून ऐकायच्या. एकीने तर विचारलं, की नवऱ्यासाठी असलं एखादं कलम आहे का.

महिन्यातून एका रविवारी तो सुधारगृहाच्या दारात जायचा. आत फक्त नातेवाइकांना सोडत. आईचा त्याच्यावरचा राग एव्हाना निवळला होता. ती म्हणाली, "भाऊ आहे म्हणून सांग की. तुला काय कठीण आहे रे?"

"तिथे नाही, ताई," मामा म्हणाला. "तिथे सोंग नाही."

तो दारावर आपलं खरं नाव सांगायचा आणि नातं विचारलं की म्हणायचा, "मी ते बोगस गिऱ्हाईक." साहजिकच त्याला कुणी आत घेतलं नाही. फळंही घेतली नाहीत. केळी शेवटी वॉचमन खायचा आणि त्या बदल्यात तिची खुशाली सांगायचा. शिवणकाम शिकते, भांडत नाही, फार बोलत नाही. एका रविवारी वॉचमनने केळी घ्यायला हात पुढे केला नाही. म्हणाला, गेली ती, आई येऊन घेऊन गेली. कुठल्या गावाला, ते त्याला ठाऊक नव्हतं.

राहिली ती केस. मामाची साक्ष लवकर झाली, त्याने घडलं ते सगळं सांगितलं, फोनवर काय बोललो तेही. पण नंतरही तो प्रत्येक तारखेला कोर्टात जात राहिला, कारण कधीतरी साक्षीला तिला आणतील. नाटकाच्या तालमी सुटल्या. तारखेच्या आदल्या दिवशी तो शर्टाला इस्त्री करायचा, सकाळी दाढी करायचा, आणि दुपारी परत येऊन चप्पल काढता काढता म्हणायचा, "पुढची तारीख." अशी वर्षं गेली. आमच्या मागे दोन टॉवर उभे राहिले, मामाला ब्लडप्रेशरच्या गोळ्या लागल्या, ड्रेसवाल्याने पऱ्यांचे पंख बदलून नवे आणले. कधी मी विचारलं, की ती आली तर तू काय बोलणार आहेस, तर तो म्हणायचा, "बोलायचं काय? बघायचं."

ती आली त्या दिवशी, मामाला चक्कर येते म्हणून, मी सोबत होते. एका हवालदाराने तिला तिच्या जिल्ह्यातून आणलं होतं. अंगावर साधी सुती साडी, गळ्यात मंगळसूत्र, हातात पिशवी. मामा मागच्या बाकावर ताठ बसला. सरकारी वकिलांनी त्याला उभं करून तिला विचारलं, या इसमाला ओळखता का. तिने मामाकडे शांतपणे बघितलं.

"नाही," ती म्हणाली. "यांना मी कधी बघितलेलं नाही."

त्या दिवशी कुणी गिऱ्हाईक आलंच नव्हतं, आपण तिथे झाडलोट करायचो, असं तिने सांगितलं. वकील चिडले, साक्षीदार फितूर म्हणून नोंद झाली. बाहेर आल्यावर मी मामाला म्हटलं, की आता मालक सुटणार.

"हो," तो म्हणाला. "आणि तीही."

मामा जिन्याशी रेंगाळत होता. ती खाली आली, आमच्याजवळ थांबली आणि अगदी अनोळखी माणसाला विचारावं तसं तिने विचारलं, "परळचा एसटी स्टँड कुठल्या बाजूला?" मामा म्हणाला, दाखवतो. आम्ही टॅक्सी केली. स्टँडवर गाडीला वेळ होता, म्हणून मी चहा आणायला गेले, आणि मुद्दाम सावकाश परत आले. ती बोलत होती. गावात सांगितलं होतं, की मोबाइल चोरीच्या साक्षीला जातेय. नवरा चांगला आहे, त्याला काही माहीत नाही. मग चहाचा कप हातात घेऊन तिने मामाला विचारलं, "ते तुमच्या बायकोचं सगळं खोटं होतं ना?"

"हो. माझं लग्नच झालेलं नाही."

"बरं झालं," ती म्हणाली. "मी आत होते तेव्हा मला तिचंच वाईट वाटायचं."

गाडी लागली. ती खिडकीशी बसली. मामा खाली उभा. त्याने तिला आपलं नाव सांगितलं. तिने मान हलवली, आणि गाडी हलता हलता ती जरा बाहेर वाकून त्याला काहीतरी म्हणाली. लाउडस्पीकरवर चिपळूण गाडीची घोषणा चालली होती, मला ऐकू आलं नाही. टॅक्सीत बसल्यावर मामाने सांगितलं, की पोलिसांच्या कागदावरचं नाव पार्लरवाल्यांनी ठेवलेलं होतं. आज तिने आपलं खरं सांगितलं.

आईने अर्थातच विचारलं, काय नाव. मामा हात धुऊन पानावर बसला होता. "असं सांगता येत नाही, ताई," तो म्हणाला. "पीडितेचं नाव उघड करायचं नाही, कायदा आहे."

"अरे, मी काय पेपरात छापणार आहे का?"

"तरी नाही."

केस संपून आता बरेच दिवस झाले. मालक सुटला, पार्लरच्या जागी डोळ्यांचा दवाखाना आहे. मामाला तारीख उरली नाही. ताट पोचवायला गेली की आई अधूनमधून विचारून बघते, निदान पहिलं अक्षर तरी सांग. मामा भात कालवता कालवता थांबतो, त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी येऊन जातं, आणि तो म्हणतो, अक्षरही कायद्यात बसत नाही.