जुळलेले आकडे

ऐंशीच्या दशकात दोन हिवाळे मी वेसाव्याच्या खाडीच्या तोंडाशी कुरव मोजत होते. कुरव म्हणजे थंडीत उत्तरेकडून येणारे पांढरे समुद्रपक्षी. ओहोटी लागली की उघड्या पडलेल्या वाळूवर थव्याने येऊन बसतात. माझं एम.एस्सी. त्या मोजणीवर अवलंबून होतं.

जोडीला माझी मैत्रीण होती, अकरावीपासूनची. ती वाकोल्याहून यायची, मी बोरीवलीहून. अंधेरी स्टेशनबाहेर भेटून आम्ही वेसाव्याची बस पकडायचो. बोंबील वाळत घालणाऱ्या बायका आम्हाला मनसोक्त हसायच्या. मोजून झाल्यावर शिजवणार का, असं एकीने विचारलंही होतं.

सरांचा नियम कडक होता. दोघींनी लांब लांब उभं राहून वेगवेगळं मोजायचं, वाळूच्या प्रत्येक पट्ट्याचा आकडा लिहून बेरीज करायची आणि मगच वह्या बदलायच्या. फरक मोठा पडला तर पुन्हा मोजायचं. आमच्यावर ती वेळ कधीच आली नाही. तिची बेरीज माझ्याहून चार-पाचने कमी, नाहीतर जास्त. सर वर्गात आमचं उदाहरण द्यायचे आणि मी शेफारून जायचे. माझी बेरीज आधी व्हायची. वही पिशवीवर टाकून मी पायांचा चिखल धुवायला पाण्याकडे जायचे. परत येईपर्यंत तिचीही झालेली असायची.

दुसऱ्या हिवाळ्याच्या शेवटी, एका रविवारी दुपारी, मी दोन्ही वह्या घेऊन घरी प्रबंधाची पक्की प्रत लिहायला बसले. एका दिवसाची बेरीज पुन्हा केली तर माझीच चूक निघाली. हातचा एक जास्त धरला होता, त्यामुळे शंभर कुरव फुकटचे वाढले होते. स्वतःला दोन शिव्या घातल्या, आकडा दुरुस्त केला आणि ताळा पाहायला तिची वही उघडली.

तिचा आकडा माझ्या चुकीच्या आकड्यापेक्षा चारने कमी होता.

मी तिच्या वहीची मागची पानं चाळली. पट्ट्यांचे आकडे कुठेच नव्हते, नुसत्या बेरजा. मी तोंडी बेरीज करते, असं ती म्हणायची आणि मला त्याचं कौतुक वाटायचं. वाट लागली होती माझ्या दोन वर्षांची.

दुसऱ्या दिवशी कॉलेजच्या जिन्यात तिला गाठलं. तिने नाकारलंसुद्धा नाही.

"तुझं कधी चुकत नाही गं," ती म्हणाली. "मग मी कशाला डोळे फोडून घेऊ?"

"मग तिथे उभी राहून करत काय होतीस?"

"पक्षी बघत होते. मस्त वाटायचं. तू एवढ्यावरून भांडणार आहेस का यार?"

केसाने गळा कापला होता आणि ही विचारत होती, एवढ्यावरून? मला तिच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. वाजवली नाही, याचा राग अजून आहे. सरांना मी सगळं सांगितलं. 'दोघींनी स्वतंत्रपणे मोजले' हे प्रबंधातलं वाक्य त्यांनी माझ्यासमोर खोडलं आणि आणखी एक हिवाळा मोजायला सांगितलं. तिच्याशी मी पुन्हा बोलले नाही.

तिसऱ्या हिवाळ्यात सरांनी जोडीला प्रयोगशाळेतले एक वयस्कर सहायक दिले. पहिल्याच दिवशी वह्या बदलल्या तर आमच्यात ऐंशीचा फरक. मी घाईघाईने दोन्ही बेरजा पुन्हा करून पाहिल्या.

ते मात्र चष्मा पुसत शांतपणे म्हणाले, "पाखरं हलतात ताई, फरक पडणारच. चला, परत मोजू."

ते पुन्हा आपल्या जागेवर जाऊन उभे राहिले आणि बोटाने हवेत दहा-दहाचे गट करू लागले. मला रडू फुटलं. मागचे दोन्ही हिवाळे मी त्या वाळूवर एकटीच होते.