चकाकवलेली काडतुसे

माझी शेवटची नेमणूक एका लष्करी वर्कशॉपमध्ये होती. हुद्दा मेजर, काम शस्त्रदुरुस्ती विभाग सांभाळण्याचे. दुसऱ्या वर्षी एक वेगळी जबाबदारी आली. लांब पल्ल्याच्या नेमबाजी स्पर्धेसाठी आम्हाला एक रायफल घडवायची होती, आणि बॅरलपासून काडतुसापर्यंत सारे आमच्याच हातचे हवे होते. काडतूस स्वतः भरायला आपल्याकडे कोणालाही सहज मुभा नसते. आम्हाला त्या एका कामापुरती वरून लेखी परवानगी मिळाली होती.

नागरी वाचकांसाठी थोडे सांगते. गोळी आणि दारू ज्या पितळी नळीत बसतात, तिला केस म्हणतात. बाजारातली केस घ्यायची, साच्यात दाबून तिचा खांदा बदलायचा, मान अरुंद करायची आणि कोणताही कारखाना बनवत नाही असे काडतूस तयार करायचे, याला नेमबाज वाइल्डकॅट म्हणतात. म्हणजे रानमांजर. माझे हवालदार महादेव घोडके यांना हे नाव पसंत पडले नाही. रानमांजर कसले, हा आमच्या वेळापूरचा बोका, दूध पिऊन वर पाजणाऱ्यालाच ओरबाडणारा, असे ते म्हणाले. त्या दिवसापासून रायफलचे नाव बोका पडले.

घोडके आमचे फायरर, म्हणजे स्पर्धेत रायफल झाडणारे. नम्र मुळीच नव्हते. अकलूजच्या साखर कारखान्याच्या धुराड्यावर बसलेल्या कावळ्याचा डावा डोळा आपण टिपू शकतो, चुकून उजवा लागला तर मिशा उतरवू, असे ते नव्या जवानांना सांगत. मी सोलापूरच्या शुक्रवार पेठेतली, घरी कन्नड, दारी मराठी. वर्कशॉपमध्ये दिवसभर हिंदी आणि इंग्रजी चाले. आम्ही दोघेच असलो की त्या भाषा आपोआप गळून पडत, आणि घोडके मला, मॅडम, तुमी पेठेतली मानसं लई मोजून बोलता, असे सुनावत.

रायफल घडवायला हिवाळा आणि उन्हाळा गेला. लेथवर बॅरल फिरत असे तेव्हा तेलाचा उष्ण, किंचित गोड वास साऱ्या शेडमध्ये भरून राही. पोलादाचा कीस कुरळ्या केसांसारखा पायाशी पडे. त्यापेक्षा नाजूक काम केसचे. पितळ दाबले की ताठरते. राग धरते म्हणा. तो राग मानेतून उतरावा म्हणून प्रत्येक केसची मान क्षणभर ज्योतीवर शेकायची. तिथे पारव्याच्या गळ्यावर असते तशी निळी-जांभळी झाक उमटते. धडाला मात्र ज्योत दाखवता येत नाही. तळ मऊ पडला तर तो स्फोटाचा दाब सोसणार नाही. म्हणून धडातला ताण तसाच राहतो, आणि तो तसाच आहे हे जाणून केस जपावी लागते.

अशा ताणलेल्या पितळेचा एक शत्रू आहे: अमोनिया. पितळ चकाकवण्याच्या कित्येक पॉलिशमध्ये तो असतो. दमट हवेत तो धातूच्या कणांमधल्या सांध्यांत शिरतो आणि डोळ्यांना न दिसणाऱ्या भेगा पाडतो. इंग्रजांच्या काळी याच देशात, घोड्यांच्या मूत्रातून अमोनिया सुटणाऱ्या तबेल्यांच्या आसपास ठेवलेली काडतुसे पावसाळ्यात अशीच तडकत. हे गूढ ज्ञान नव्हे. आमच्या अभ्यासक्रमात ते होते. ज्यांनी पुढचे सारे घडवले, त्यांच्याही अभ्यासक्रमात ते होते.

जूनमध्ये कळले की स्पर्धा सोलापूरपासून तासाभराच्या अंतरावरच्या एका माळावर होणार, सैनिकी आणि नागरी संघ एकत्र येणार, आणि एक फार वरचे अधिकारी पाहुणे म्हणून येणार. त्याबरोबर आमच्याकडे एक रोग आला. लष्करात राहिलेल्या प्रत्येकाला तो ठाऊक आहे. पाहुणा येणार म्हटले की दगडांना चुना लागतो, झाडांच्या बुंध्यांना गेरू लागतो, आणि जे पितळ असेल ते चमकलेच पाहिजे. आमच्या सेकंड-इन-कमांड साहेबांनी रायफल आणि पन्नास काडतुसांची एक पेटी पांढऱ्या चादरीवर मांडायला लावली. वर्कशॉपमधले ते दुसऱ्या क्रमांकाचे अधिकारी, हुद्द्याने लेफ्टनंट कर्नल. मानेवरची निळी झाक त्यांना डाग वाटली.

मी सांगितले की तो डाग नाही, तीच कामाची खूण आहे. मग अमोनियाचे सांगितले. मग लेखी दिले. ते म्हणाले, मेजर, पट्ट्याचे बक्कल पॉलिशने फुटलेले मी आजवर पाहिले नाही. बक्कलात दारू नसते, असे मी म्हणाले. त्यानंतर त्यांनी माझ्याशी त्या विषयावर बोलणे बंद केले.

पावसाळाभर रंगीत तालमी चालल्या. प्रत्येक तालमीच्या आदल्या संध्याकाळी एक जवान मांडी घालून बसे आणि पन्नासही काडतुसांवर पॉलिशचा बोळा फिरवी. मी शेडमध्ये पाऊल टाकताच तो झोंबरा, डोळ्यांत पाणी आणणारा वास यायचा. काडतुसे आरशासारखी झाली. निळी झाक पुसली गेली. मी त्या पेटीवर लाल रंगाने फुली मारली आणि स्पर्धेसाठी दुसरी पन्नास काडतुसे घोडक्यांबरोबर नव्याने भरली. ती मळकट दिसत होती. ती सुरक्षित होती.

स्पर्धा ऑक्टोबरमध्ये झाली. स्वच्छ ऊन, वाळत चाललेल्या कुसळी गवताचा वास, वारा डावीकडून हलका. घोडक्यांच्या पत्नी सुनंदाबाई वेळापूरहून आल्या होत्या. नवऱ्याला गोळी झाडताना त्यांनी एकदाही पाहिले नव्हते. फडक्यात कडक भाकरी आणि शेंगाचटणी बांधून आणली होती. घोडके त्यांना म्हणाले, आज बघ, दीड हजार मीटरवरली लोखंडी पाटी वाजवतो का न्हाय. त्या म्हणाल्या, घरातलं घड्याळ बंद पडलंय, ते आदी वाजवा.

मी फायरिंग पॉइंटवर असायला हवे होते. रायफल माझी, काडतूस माझे, फायरर माझा. सकाळी निरोप आला की पाहुण्यांना पुष्पगुच्छ देण्यासाठी लेडी ऑफिसर हवी. संपूर्ण तुकडीत लेडी ऑफिसर एकच होती. मी विचारले, गुच्छ दुसरे कोणी देऊ शकत नाही का? उत्तर मिळाले की ते शोभणार नाही.

मी शामियान्यात उभी होते. हातात निशिगंध होता. कमरेला वॉकी-टॉकी होता, तो मात्र मी कोणाला काढू दिला नाही. सुनंदाबाई मागच्या खुर्च्यांच्या रांगेत, माझ्यापासून हाताच्या अंतरावर बसल्या होत्या. पाहुणे येऊन बसले. मी गुच्छ दिला. तेवढ्यात सेट खरखरला.

"मॅडम, पेटी बदललीया. चमकनारी आलीया. लाल फुली पुसून टाकलीया. ओव्हर."

"फायर करू नका. घोडके, थांबा. मी येते. ओव्हर."

सेटवर हिंदी किंवा इंग्रजी बोलायचे असते. मी मराठी बोलले. उत्तरादाखल सेकंड-इन-कमांड साहेबांचा आवाज आला. ते घोडक्यांच्या मागेच उभे होते.

"फायरर, कॅरी ऑन. आउट."

मी धावत सुटले. शामियान्यापासून फायरिंग पॉइंट दूर होता. पहिला बार माझ्या कानावर आला आणि थोड्या वेळाने, फार दूरवर, पाटी वाजली. स्वच्छ, थंड टोल. टाळ्या पडल्या. साहेबांनी मान वळवून माझ्याकडे पाहिले. ते हसत होते.

दुसरा बार वेगळा वाजला. ज्याने हजारो बार ऐकले आहेत त्याला तो फरक कळतो. त्या आवाजाला पुढचे टोक नव्हते. तो मागे फुटला. केस धडात चिरली होती. तप्त वायू बोल्टमधून, म्हणजे नळी मागून बंद करणाऱ्या खिट्टीतून, मागे आला, आणि पोलादाचा एक तुकडा घोडक्यांच्या गळ्यात शिरला. मी पोहोचले तेव्हा ते कुशीवर वळले होते. मी जखमेवर हात दाबून धरला. मेडिक आला. आम्ही त्यांना जीपमध्ये घेतले. सोलापूर दिसू लागण्यापूर्वीच ते गेले.

कोर्ट ऑफ इन्क्वायरी, म्हणजे लष्करी चौकशी, बसली. निष्कर्ष थोडक्यात असा: हँडलोडिंग करताना, म्हणजे हाताने काडतूस भरताना, दारू जास्त पडली, फायररचा अतिउत्साह. दारू आम्ही दोघांनी तोलली होती, एकाने तोलून दुसऱ्याने पुन्हा तोलली होती. मी म्हणाले, त्या पेटीतली उरलेली काडतुसे प्रयोगशाळेत पाठवा, सूक्ष्मदर्शकाखाली भेगा दिसतील. मला सांगण्यात आले की सुरक्षिततेच्या दृष्टीने ती नष्ट केली आहेत. पेटी कोणी बदलली, हे कोणालाच आठवेना. सेटवर नेमके काय बोलणे झाले, तेही कोणाला आठवेना. ऑपरेटरने सांगितले की आवाज स्पष्ट नव्हता.

आवाज आणखी एका व्यक्तीने ऐकला होता. सुनंदाबाईंना साक्षीला बोलावले, कारण मी हट्ट धरला. पीठासीन अधिकाऱ्यांनी समजुतीच्या सुरात सांगितले की, ताई, ही रेडिओवरची लष्करी भाषा, तांत्रिक असते, तुम्हाला ती कळली नसणार. सुनंदाबाई पदर सावरून उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "मला विंग्रजी येत न्हाय. पन थांबा तर मराठीच हाय की."

साक्ष लिहून घेतली गेली. तिचे महत्त्व मर्यादित मानले गेले.

पुढे मी सेवा सोडली. सेकंड-इन-कमांड साहेबांना बढती मिळाली. मी अर्ज केले, भेटी मागितल्या, धातुशास्त्राचे उतारे जोडले. लोक मला सांगतात की इतका राग बरा नव्हे, शांत व्हा. मी शांतच आहे. माझा आवाज चढत नाही. मी फक्त विचारते की एक माणूस आपल्या कामात निष्णात होता, त्याला त्याच कामातली चूक चिकटवून तुम्ही जाळलेत, ते का? मृत्यूचे दुःख मी समजू शकते. या खोट्या चुकीचे काय करायचे?

वेळापुरात ग्रामस्थांनी घोडक्यांच्या रानाच्या कडेला एक दगड उभारायचे ठरवले. लष्कराच्या कार्यालयातून मजकूर सुचवून आला: प्रशिक्षणादरम्यान अपघाती निधन. सुनंदाबाईंनी तो मजकूर कोणाकडून तरी वाचून घेतला, गवंड्याकडे गेल्या, आणि त्याला आपला मजकूर तोंडी सांगितला. त्याने तो काळ्या दगडात खोल कोरला. हवालदार महादेव घोडके. नेमबाज. थांबा म्हणत असताना फायरचा हुकूम दिला, तो पाळून गेले.

महिन्याभराने कार्यालयातून एक गृहस्थ आले. मी त्या दिवशी तिथे होते. गृहस्थ सभ्य होते. त्यांनी दगड दोनदा वाचला, घाम पुसला, आणि म्हणाले की यातली शेवटची ओळ अहवालाशी जुळत नाही, ती काढावी लागेल. सुनंदाबाईंनी त्यांना बसायला घोंगडी दिली, पाणी दिले. मग त्या म्हणाल्या, "दगडावरचं आता निगत न्हाय, दादा. तुमाला जुळवायचं असंल तर कागद बदला."

ते पाणी पिऊन गेले. दगड उभा आहे. दुपारी तो तापतो आणि हात ठेवला तर संध्याकाळी उशिरापर्यंत उबदार लागतो. मी दर ऑक्टोबरमध्ये जाते. सुनंदाबाई आणि मी दगडाशी बसतो. त्या मला घोडक्यांच्या बढाया सांगतात, ज्या मी ऐकलेल्या असतात, आणि मी त्यांना घोडक्यांचा नेम सांगते, जो त्यांना एकदाच पाहायला मिळाला. त्या एका नेमाबद्दल त्या दर वर्षी तेच विचारतात, आणि मी दर वर्षी तेच उत्तर देते: हो, अगदी मधोमध.