चाचांनी न पुकारलेलं नाव

मुनादी, म्हणजे दवंडी, द्यायच्या आधी चाचा टाचा उचलायचे. डफड्यावर काडी पडायची, डावा तळवा कानामागं जायचा आणि चवड्यांवर उभं राहून ते असा आवाज टाकायचे की चौकातल्या पानवाल्याचा चुना लावणारा हात थांबायचा. "सुनो भाई, ऐका बाई." दोन्ही भाषा एका दमात. निजामाच्या काळात नुसतं 'सुनो भाई' होतं. राज्य बदललं, तसं चाचांनी बायकांनाही बोलावून घेतलं.

आमच्या गावाचं कागदावरचं नाव उस्मानाबाद आणि तोंडातलं धाराशिव. चाचांचंही कागदावर काहीतरी नाव असणारच, पण ते कुणाला ठाऊक नव्हतं. लहानथोर सगळे चाचाच म्हणायचे. मी शाळेत मास्तर आणि वाचनालयाचा चिटणीस, त्यामुळे सभा-व्याख्यानांची मुनादी त्यांच्याकडं द्यायला मला जावं लागायचं. मी मजकूर एकदा वाचून दाखवायचा, की त्यांचा पाठ.

पण दिला तसा मजकूर पुकारतील तर ते चाचा कसले? "उद्या देवी टोचायला डाक्टर येणार. लेकरं लपवू नका. लपवलेलं लेकरू रडतंय आन् सापडतंय." कुणाची शेळी हरवली, की खुणा सांगून झाल्यावर पुढं, "ज्यानं बांधून ठिवली त्यानं सोडून द्यावी. मी नाव घेत न्हाय." आणि एका ठराविक दाराकडं बघत उभे राहायचे. शेळी संध्याकाळपर्यंत घरी यायची.

आवाजाचा गर्व मात्र लई. गावातल्या प्रत्येकाच्या गळ्याला त्यांनी मार्क देऊन ठेवले होते. भजनी बुवांचा आवाज गोड, पण गल्लीच्या पल्याड जात न्हाय. वकीलसाहेबांचा आवाज मोठा, पण आत काय न्हाय. मी एकदा माझ्याबद्दल विचारलं. चाचांनी मेंदी लावलेल्या दाढीवरून हात फिरवला. "तुमचा व्हय, मास्तर? वर्गापुरता."

तरी गावाचा त्यांच्यावर भरवसा किती, हे सांगितलं पाहिजे, कारण सगळं घोडं तिथंच अडलं. निजामाचा हाली पैसा बंद झाल्याचा सरकारी कागद भिंतीवर चिकटून चिकटून पिवळा पडला, तरी बाजार त्याच पैशात चालला होता. चाचांनी पुकारलं, तेव्हा कुठं लोकांनी मडक्यातली नाणी बाहेर काढली. चाचांनी पुकारलं की खरं. नाही पुकारलं, तर ते अजून झालेलंच नाही.

मराठी राज्य आलं, त्यानंतरच्या एका वर्षी आमच्या वाचनालयानं ठरवलं, की गावानं मत देऊन गावाचा एक मानकरी निवडायचा. ज्याच्यामुळं गावाला गावपण आलं असा माणूस. त्याला शाल, फेटा, आणि मुख्य म्हणजे त्याचं नाव गल्लोगल्ली पुकारायचं. पैलवानाचं नाव आलं, भजनी बुवांचं आलं. मी चाचांचं सुचवलं. अध्यक्ष वकीलसाहेब चष्मा कपाळावर चढवून म्हणाले, "सुचवा हो, पण त्यांचं नाव काय?"

कुणालाच सांगता येईना. मी तसाच उठून त्यांच्या घरी गेलो.

चाचा ओसरीत डफडं शेकत बसले होते. मी कारण सांगितलं. त्यांनी आत चाचींकडं एकदा बघून घेतलं आणि नाव सांगितलं. इतक्या हळू, की मला दोनदा विचारावं लागलं. चांगलं लांब, ऐटदार नाव होतं. आजोबांनी ठेवलेलं.

"एवढं चांगलं नाव, आणि कुणाला माहीत कसं नाही?"

"मुनादीवाल्याला नाव नसतंय, मास्तर. सगळ्या गावाची नावं मी पुकारली. जलमलेल्याची, मेलेल्याची, जप्ती आलेल्याची. माझं कोण पुकारणार?" मग डफडं बाजूला ठेवून म्हणाले, "एक सांगू? हसू नका. मी जिकलो तर माझं नाव तुम्ही पुकारायचं. हेच डफडं घिऊन. मला एकदा दारात बसून ऐकायचंय."

"माझा आवाज तर वर्गापुरता."

"मी शिकिवतो की."

आणि शिकवलं हो त्या माणसानं. शाळा सुटल्यावर हातलादेवीच्या माळावर मी टाचा उचलून ओरडतोय आणि चाचा लांब उभं राहून मान हलवताहेत, "पोटातनं, मास्तर, पोटातनं," असं आमचं पाच-सहा दिवस चाललं. मास्तराला वेड लागलं, असं गुराख्यांनी घरोघर जाऊन सांगितलं.

मतदान कसं करायचं तेही आम्ही छान ठरवलं होतं. तोवरच्या निवडणुकांत प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी आणि तिच्यावर चित्र असायचं. आम्ही पेटीऐवजी मडकी मांडली. पैलवानाच्या मडक्यावर गदा, बुवांच्या मडक्यावर टाळ, चाचांच्या मडक्यावर डफडं. दारात प्रत्येकाला तांबडी काव लावलेला एक चिंचोका द्यायचा, तो त्यानं हव्या त्या मडक्यात टाकायचा. आता हे सगळं गावाला सांगायचं कुणी? अर्थात चाचांनीच.

पहिल्या दिवशी मी कौतुकानं मागं मागं गेलो. "सुनो भाई, ऐका बाई. गावाचा मानकरी निवडायचाय. गदेचं मडकं पैलवानाचं, सोलापूरपतुर ज्यानं पाठ लागू दिली न्हाय. टाळाचं मडकं बुवांचं, ज्यांच्या भजनाला पाखरू बी गप बसतंय." डफड्यावर काडी पडली. चाचा पुढच्या गल्लीकडं वळले.

मी धावत जाऊन त्यांचा हात धरला. "चाचा, तिसरं मडकं?"

"ते तुमी सांगा."

"मी कशाला? तुम्ही पुकारताय ना?"

"बापानं शिकिवलंय, मास्तर. ज्या तोंडानं मुनादी द्यायची, त्या तोंडानं स्वतःचं नाव घ्यायचं न्हाय. एकदा घेतलं, की उद्या मी खरं सांगिन तरी लोक म्हणतील, ह्याचा काय तरी फायदा आसंल."

मी चिडलो. भर रस्त्यात चिडलो. म्हटलं, हे वाचनालयाचं काम आहे, तीन नावं दिलीत तर तीन पुकारायची. चाचा शांतपणे म्हणाले, "मग दुसरा मुनादीवाला बघा." दुसरा होता कुठं? अध्यक्षांकडं गेलो, तर ते म्हणाले, ज्याचं त्याला पडलेलं नाही त्यात आपण काय करणार? मला त्या दिवशी चाचांचा राग आला, अध्यक्षांचा आला, आणि चाचांना हे शिकवून गेलेल्या त्यांच्या बापाचाही आला.

मग मीच घरोघर फिरलो. आणि जिथं जाईन तिथं एकच उत्तर. "चाचा बी उभे हायेत? न्हाय हो मास्तर. आसं आसतं तर चाचांनी पुकारलं आसतं." मी शपथा घेतल्या. लोक हसले. मास्तर थट्टा करतात, म्हणाले. डफड्याचं मडकं कशाचं मग, असं मी विचारलं. एक बाई म्हणाली, ते शोभेला ठेवलं असंल.

मतदानाच्या दिवशी वाचनालयाचा ओटा माणसांनी भरला. त्यात अशी घरं होती, की ज्यांची हरवलेली पोरं चाचांनी बाजारातून हुडकून आणली होती. लोक चाचांना पुढं जायला वाट देत होते, रामराम-सलाम करत होते, आणि चिंचोका गदेच्या नाहीतर टाळाच्या मडक्यात टाकून घरी जात होते. चाचांनी चिंचोका घेतला आणि टाळाच्या मडक्यात टाकला.

"बुवांना?" मी दात-ओठ खात विचारलं.

"गळा चांगला हाय त्येचा," चाचा म्हणाले.

पैलवान जिंकला. चाचांच्या मडक्यात मूठसुद्धा भरेना. पैलवानाचं नाव पुकारायचं काम चाचांचंच होतं, आणि त्यांनी ते असं पुकारलं, की पैलवानाच्या आईला रडू आलं. आवाजात कुठं म्हणून कुसळ नाही. शेवटच्या गल्लीनंतर मी त्यांना घरापर्यंत सोडायला गेलो. ते ओसरीत टेकले आणि डफड्यावरची धूळ सदऱ्यानं पुसत म्हणाले, "तुमचा आवाज चांगला व्हायला लागला होता, मास्तर. वाया गेला."

मी तसाच ओसरी उतरलो. थांबलो असतो तर वाईट बोललो असतो.

दुसऱ्या वर्षी पैशावाचून मानकरी निवडणंच बंद पडलं. पुढं गावात नगरपालिकेचा भोंगा आला. टांग्यावर बांधलेला भोंगा खरखरत जायचा, लोक कान झाकून घ्यायचे, आणि मग कुणीतरी हळूच चाचांच्या ओसरीवर जाऊन विचारायचं, "चाचा, भोंगा म्हणतोय ते खरं हाय का?" चाचा 'हौ' म्हणाले, की खरं. मुनादीचं काम गेलं, एवढं काम उरलं.

ते गेले ते उन्हाळ्यात, सकाळच्या पारी. असरच्या, म्हणजे तिसऱ्या प्रहरच्या, नमाजानंतर माती होती. मी पोचलो तेव्हा ओसरीवर चार माणसं. गावाला कळणार कसं? मी भोंग्यासाठी कचेरीत गेलो. तिथला कारकून म्हणाला, अर्ज द्या, साहेब दौऱ्यावर आहेत, उद्या बघू. उद्या. मी तिथं टेबलावर हात आपटला, त्याचा काही उपयोग झाला नाही.

परत आलो, तर चाची डफडं घेऊन दारात उभ्या होत्या. "तुमीच जावा, मास्तर. तुमाला सांगून ठिवलं होतं न्हवं त्यांनी?"

मी डफडं घेतलं. चौकात आलो, काडी मारली, तळवा कानामागं नेला आणि टाचा उचलल्या. "सुनो भाई, ऐका बाई." आणि चाचांचं नाव घेतलं. अख्खं नाव, पोटातनं. आवाज फाटला, पण गल्लीच्या टोकापर्यंत गेला.

दारं उघडली. लोक एकमेकांकडं बघू लागले. हे कोण? ह्या नावाचं आपल्यात कोण होतं? मी पुन्हा पुकारलं. कुणाला काही कळेना. ज्याच्या त्याच्या चेहऱ्यावर तोच प्रश्न.

शेवटी म्हणालो, "मुनादीवाले चाचा गेले."

समोरच्या पायरीवर एक म्हातारी तांदूळ निवडत होती. सूप बाजूला सारून ती माझ्यावर खेकसली. "थट्टा कुठं करावी मास्तर, काय हाय का न्हाय? आसं आसतं तर चाचांनी पुका—"

ती तिथंच थांबली. माझ्या हातातल्या डफड्याकडं बघत राहिली. मग डोक्यावरून पदर घेतला आणि पायरी उतरून खाली आली.

मी पुढच्या गल्लीत गेलो.