शिक्का निळा आहे

इयरफोनचे एक टोक स्वतःच्या कानात घालायचे आणि दुसरे समोरच्याच्या तळहातावर ठेवायचे, ही त्यांची बोलणे सुरू करण्याची रीत होती. "घ्या, तुम्हीही ऐका."

रानशेतचे हे गृहस्थ जन्मांध. मोबाइल त्यांना पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवी. मी शिक्षक; त्या काळात डहाणूतील एका सरकारी कार्यालयाच्या संकेतस्थळाचे काम माझ्याकडे दिलेले होते. म्हणून दर मंगळवारी ते टोक माझ्या कानी येई. त्यात एकच शब्द ऐकू येई : "चित्र."

कारण नीट समजून घ्यावे. आमच्याकडे सूचना आधी संगणकावर टंकत, मग छापत, तिच्यावर सही-शिक्का घेत आणि त्या कागदाचा फोटो संकेतस्थळावर चढवत. दिव्यांगांना चहाचा स्टॉल देण्याची सूचनाही अशीच चढली. त्यांच्या मोबाइलने ती "चित्र" म्हणून वाचली आणि अर्जाची मुदत टळली.

"कुणाकडून तरी वाचून घ्यायची," आमचे लिपिक भाऊसाहेब म्हणाले.

"अर्ज माझा आहे, भाऊसाहेब. माझं मला वाचू द्या."

"नुसता मजकूर टाकला तर लोक म्हणतील, खरा कशावरून? शिक्का नको?"

"ठेवा की शिक्का. मी कुठे बघायला येतोय?"

त्यांनी लेखी तक्रार दिली. वरून आदेश आला : चित्राचे वर्णन जोडावे. भाऊसाहेबांनी ते मनापासून जोडले. पुढच्या मंगळवारी त्या गृहस्थांनी आणि मी मिळून ऐकले : "पांढरा कागद. काळी अक्षरे. उजवीकडे गोल शिक्का. शिक्का निळा आहे. किंचित वाकडा."

ते इतके हसले की माझ्या कानातले टोक निसटले. मग एकदम थांबून त्यांनी विचारले, "गुरुजी, स्टॉलची सूचना पुन्हा निघेल ना?"

पुढच्या वर्षी निघाली. मी फोटोखाली सगळा मजकूर टंकून ठेवला. भाऊसाहेबांनी सुस्कारा सोडला. "असू द्या. पण शिक्क्याच्या खालीच हं." पहिल्याच दिवशी रानशेतच्या गृहस्थांचा अर्ज आला आणि कार्यालयाच्या फाटकाशी त्यांना स्टॉल मिळाला. पेला भरत आल्याचे त्यांना आवाजावरून कळे. भाऊसाहेबांपुढे पेला ठेवताना ते हटकून म्हणत, "घ्या, शिक्का मारून दिलाय."

दोन वर्षांनी ते तापाने गेले.

महिन्याभराने भाऊसाहेब माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले. "गुरुजी, ही सूचना मी स्वतः टंकली आहे. फोटो नाही. एकदा ऐकून बघता?"

मी इयरफोन लावला. एकही शब्द न गाळता मोबाइलने वाचले : "धारकाच्या निधनामुळे रिक्त झालेला चहाचा स्टॉल..."

दुसरे टोक सवयीने माझ्या तळहातावर आले होते. भाऊसाहेबांनी ते उचलून आपल्या कानात घातले.