जंत आणि जंतू

मामाने लठ्ठपणाचं ऑपरेशन करून घेतलं ते मामीला न विचारता. शाळेच्या कामाने मुंबईला जातो म्हणून गेला आणि आतड्याचा बराचसा भाग पोटातच ठेवून अन्नाच्या वाटेतून बाजूला टाकून आला. सत्तरच्या दशकात असलं काही करता येतं हेच मामा राहायचा त्या प्रताप नगरात कुणाला ठाऊक नव्हतं. मामीने अबोला धरला. काही सांगायचंच झालं तर ती रेडिओला सांगायची, "जेवण वाढून ठेवलं म्हणा." मी कॉलेजसाठी त्यांच्याकडे राहायचे. मला दोघांचाही राग यायचा.

वर्षभरात मामा निम्मा झाला. पण पोट नगाऱ्यासारखं फुगू लागलं, गुडघे सुजले, आणि त्याच्या वाऱ्यापायी शेजारचे खिडक्या लावून घेऊ लागले. शेवटी मामी त्याला डॉक्टरांकडे घेऊन गेली, तेही न बोलता, रिक्षावाल्याला पत्ता सांगून. डॉक्टर म्हणाले, बाजूला टाकलेल्या आतड्यातून अन्न वाहत नाही, तिथे जंतू माजलेत. गोळ्या लिहून दिल्या.

मामीने ऐकलं जंत. औषधवाल्याला तिने विचारलं, या गोळ्यांनी जंत पडतात का? तो बिचारा खरं तेच बोलला, नाही पडत. गोळ्या फडताळात गेल्या आणि वावडिंगाचा काढा उकळू लागला.

"घ्या, एका दमात प्या," मामी म्हणाली. रेडिओला नव्हे, मामाला.

मग रोज सकाळी न्हाणीच्या दाराशी हाच संवाद.

"पडले का हो?"

"नाही वं अजून."

"काहून नाही पडून राहिले?"

गल्लीतल्या बायकाही चौकशी करून जात. एकीने पपईच्या बिया आणून दिल्या. मामा सगळं मुकाट गिळायचा आणि दिवसेंदिवस खंगायचा. फडताळात गोळ्या दिसल्या तेव्हा मी त्याला खडसावलं.

"डॉक्टर जंतू म्हणाला, तिनं जंत ऐकलं," तो शांतपणे म्हणाला. शाळेत मराठी शिकवणारा माणूस, ऱ्हस्व-दीर्घाला पोरांचे मार्क कापायचा.

"मंग सांगत काहून नाही तिले?"

"सांगितलं त ती पुन्हा रेडिओसंग बोलीन."

मला हसू आलं आणि त्याच्या हातांच्या काड्या पाहून रडूही आलं. दुसऱ्या दिवशी त्याला उठवेना, तेव्हा मीच मामीला सांगून टाकलं. तिने गोळ्या काढल्या, पाण्याचा पेला भरला आणि त्याच्या उशाशी बसली.

गोळ्यांनी पोट उतरलं. डॉक्टर म्हणाले, हे जंतू पुन्हा पुन्हा माजणार. जन्मभर अधूनमधून गोळ्या घ्या, नाहीतर आतडं होतं तसं जोडून घ्या. जोडलं तर वजन परत येईल.

मामाने उत्तर द्यायला तोंड उघडलं, मिटलं, आणि तो मामीकडे वळला. "तू सांग वं. काय करू?"

मामीच्या डोळ्यांना धार लागली. "जोडून द्या, डॉक्टरसाहेब," ती म्हणाली. "जाडे झाले ते माह्या डोयासमोर झाले होते. हे चोरून बारीक होनं मले नाही पाहिजे."