वहिनींचा बाक

रविवार, सकाळचे दहा. मुलुंड पूर्वेतलं एक उडुपी हॉटेल, पंख्याखालचं टेबल. आम्ही तिघं ब्लॉगवाले: वीज कंपनीतला इंजिनिअर कांबळे, कॉलेजात शिकवणारी आणि माशांवर लिहिणारी वर्सोव्याची स्मिता तांडेल, आणि आयुष्यभर बातमीदारी केलेला मी. ब्लॉग लिहिणाऱ्यांकडे किस्से साठतातच. घरात कुकर उडाला तरी आधी पोस्ट दिसते, मग डाळ!

*

माझ्यापासूनच सुरुवात करतो. पेपरात बातमीत 'मी' आला की डेस्क तो कापायचा. त्या रागातून ब्लॉग काढला. पहिली पोस्ट घरी दूध उतू गेल्याची. लिहिलं: "पत्रकाराच्या निवासस्थानी दूध उतू गेले. सुदैवाने जीवितहानी नाही. घटनेच्या वेळी पत्रकार फोनवर असल्याचे समजते."

लगेच स्मिताचा फोन. "अरे, घर तुझं, दूध तुझं, आणि 'समजते' काय? तू तिथे नव्हतास?"

"होतो ना!"

"मग बायको काय म्हणाली ते लिही!"

"ते छापण्यासारखं नव्हतं."

"अरे, त्यासाठीच तर ब्लॉग असतो!"

*

स्मिताची सगळ्यात गाजलेली पोस्ट म्हणजे ताजा मासा कसा ओळखावा. कल्ले उचलून लाली बघा, बोटाने दाबून बघा, वगैरे. अंधेरीच्या बाजारात तिची सख्खी मावशी मासे विकते. पुढच्याच रविवारी मावशीचा फोन. "कोण गो ती शहाणी? सगळी गिऱ्हाइकं मोबाइल बघून माझं म्हावरं दाबतात!"

"मावशी, मीच ती."

मग मावशी म्हणाली, "मग खाली लिही, मावशीचं म्हावरं दाबायला लागत नाय!"

स्मिताने लिहिलं. पोस्टमधलं तेवढंच वाक्य लोकांना आजही पाठ आहे.

*

पण आमच्यात खरा लाडका ब्लॉग कांबळेचा. हा पठ्ठ्या स्वतः काहीच लिहीत नाही! संध्याकाळी बायकोबरोबर बागेत जातो. वहिनींचे गुडघे दुखतात, म्हणून अर्ध्या फेरीनंतर त्या चाफ्याखालच्या बाकावर बसतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांवर बोलतात. कांबळे ते घरी येऊन टाइप करतो. नव्याकोऱ्या ट्रॅकसूटमधल्या एका काकांना बघून वहिनी म्हणाल्या, "कपडे धावायला निघालेत, माणूस मागून येतोय!"

त्याच दिवशी मी बागांच्या टेंडरवर जीव तोडून लिहिलं होतं. खाली एकच कमेंट: "सर, कांबळे वहिनी आज काय म्हणाल्या?"

*

आणि एका संध्याकाळी बाक गायब! चार बोल्टांची भोकं फक्त उरली. बसायला जागा नाही, तर वहिनी बागेत येईनात. कांबळे एकटा जाऊन आला आणि जास्वंदीवर पोस्ट लिहिली. वाचक खवळले. "फुलं राहू द्या, वहिनी कुठे?"

"घरात बसून कंटाळलीय रे ती," कांबळे इडली चिवडत म्हणाला. "आता दिवसभर माझ्यावरच बोलते. ते कुठे लिहू?"

माझं डोकं फिरलं. एका बाईची संध्याकाळ उचलून नेली आणि कुणी ब्र काढत नाही?

*

सोमवारी आम्ही तिघं महापालिकेच्या ऑफिसात. साहेब म्हणाले, "सौंदर्यीकरण चालू आहे. आणि तिथे बाक होता कशावरून?"

मी आवाज चढवणार, तेवढ्यात स्मिताने फोनवर कांबळेचा ब्लॉग उघडून समोर धरला. बाक, चाफा, वहिनी, सगळे फोटोत. साहेब वाचू लागले. हसले. खाली सरकवलं, परत हसले. चहा आला, गार झाला. बाहेर लोक ताटकळत होते. शेवटी त्यांनी डोकं वर काढलं.

"बघतो बाकाचं," ते म्हणाले. "पण त्या ट्रॅकसूटवाल्या काकांचं पुढे काय झालं हो?"

*

गेल्या आठवड्यात कांबळेचा फोन. "यार, लवकर ये! बाकाच्या जागी काम झालं!"

गेलो. वहिनीही हळूहळू चालत आल्या होत्या. चाफ्याखाली चकचकीत बोर्ड. वर एका स्थानिक नेत्यांचा हात जोडलेला फोटो, खाली 'संकल्पना' म्हणून त्यांचंच नाव. आणि मधोमध मोठ्या अक्षरांत: "संध्याकाळी माझी बायको इथे बसते. तिचे गुडघे थांबतात, तोंड थांबत नाही."

कांबळेच्या ब्लॉगच्या माथ्यावरचं वाक्य. जसंच्या तसं!

"चोरी आहे ही!" मी ओरडलो.

"असू दे रे," कांबळे फोटो काढत म्हणाला. "आयुष्यात पहिल्यांदा छापून आलोय!"

वहिनींनी बोर्ड वरपासून खालपर्यंत वाचला. मग नेत्यांच्या फोटोकडे बोट दाखवून स्क्रू पिळणाऱ्या माणसाला विचारलं, "भाऊ, ह्यांच्या बायकोचं जाऊ द्या. मी कुठे बसू?"

"मॅडम, आम्हाला फक्त बोर्डाचं काम दिलंय."

रोज संध्याकाळी त्या बोर्डावर दिवे लागतात. बाक नाही.